बांधणीपूर्व चाचणी आणि तिचे नकारार्थी उत्तर

संगणकाची आज्ञावली लिहून पूर्ण झाली म्हणजे ती चालण्यास सिद्ध झाली, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः लिहिलेली संहिता आणि चालणारी आज्ञावली यांच्यामध्ये बांधणीची, म्हणजे रूढ भाषेत ‘बिल्ड’ची, एक स्वतंत्र अवस्था असते. या अवस्थेत घेतले जाणारे निर्णय आज्ञावलीचे अंतिम स्वरूप संहितेइतकेच ठरवीत असतात. तरीही बांधणीच्या फायली बहुधा एखाद्या जुन्या प्रकल्पातून उचलल्या जातात आणि काम चालते तोवर त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. हे दुर्लक्ष किती महाग पडू शकते, हे प्रस्तुत लेखात एका अलीकडील उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

आरंभ ‘मेक’पासून करणे सोयीचे होईल. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली तयार केले. त्यांच्या एका सहकाऱ्याची सारी सकाळ एका निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात गेली होती. दोष आधीच दुरुस्त झालेला होता, परंतु दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल झाली नव्हती. यातून मेकचा मूळ नियम निघाला. एखादी फाइल ज्या फायलींवर अवलंबून असते, त्यांपैकी कोणतीही तिच्याहून नवी असेल तर ती पुन्हा तयार करावी. (आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा हा मेकचा कुप्रसिद्ध दंडक बदलण्याचे फेल्डमन यांनी टाळले, कारण तोवर सुमारे डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांना त्रास होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. मूठभर लोकांसाठी केलेल्या या सौजन्याची किंमत पुढील पिढ्या अद्याप मोजीत आहेत.) हा नियम फायलींच्या वेळांची तुलना करतो, त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसते. कंपायलरला द्यावयाचे पर्याय तुम्ही बदलले, तर मेकच्या दृष्टीने कोणतीही संहिता नवी झालेली नसते. परिणामी काही भाग जुन्या पर्यायांनी व काही नव्या पर्यायांनी बांधला जातो, आणि अशी संमिश्र आज्ञावली तक्रार न करता चालते.

मेक आपल्याला सांगितलेले काम करते. काय करावयाचे हे ठरविण्याचा प्रश्न त्याआधीचा आहे. युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या, तेव्हा कोणत्या यंत्रावर कोणती सोय आहे हे जाणणे कठीण झाले. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली आरंभिलेल्या ‘ऑटोकॉन्फ’ने यावर जो उपाय स्वीकारला, तो विचार म्हणून मोठा सुंदर आहे. यंत्राला त्याचे नाव विचारू नये, त्याच्या अंगचे गुण विचारावेत. म्हणून ‘कॉन्फिगर’ ही प्रक्रिया एकेका सोयीसाठी दहा-पाच ओळींची लहान आज्ञावली लिहिते आणि ती कंपायलरपुढे ठेवते. ती कंपाइल झाली तर सोय आहे, न झाली तर नाही.

या शेवटच्या वाक्यातच खरा धोका दडलेला आहे. होकार निःसंदिग्ध असतो. नकार तसा नसतो. सोय नसल्यामुळे चाचणी फसली, की चाचणीच सदोष होती, हे नकारावरून कळत नाही. शास्त्रीय प्रयोगात उपकरण बिघडल्याने संकेत मिळाला नाही, तर आपण ‘घटना घडली नाही’ असा निष्कर्ष काढीत नाही. कॉन्फिगर नेमका तोच निष्कर्ष काढते आणि पुढे जाते.

‘एक्सझेड’ या संकोचन-साधनाच्या प्रकल्पात फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच प्रकार घडला. लिनक्सच्या ‘लँडलॉक’ या संरक्षक व्यवस्थेसाठी ‘सीमेक’च्या फाइलीत जी चाचणी होती, तिच्यातील छोट्या आज्ञावलीच्या ओळींमध्ये एक एकाकी टिंब घालण्यात आले. टिंबामुळे ती आज्ञावली कोणत्याही यंत्रावर कंपाइल होणे अशक्य झाले. चाचणीचे उत्तर सर्वत्र ‘नाही’ असे येऊ लागले आणि सीमेकने होणाऱ्या बांधणीतून ते संरक्षण निमूटपणे वगळले गेले. कोठेही त्रुटी दिसली नाही. बांधणी यशस्वीच झाली.

त्याच प्रकल्पाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत याहून गंभीर गोष्ट होती. वितरणासाठी तयार केलेल्या संचात ‘बिल्ड-टू-होस्ट’ या एमफोर फाइलीचे बदललेले रूप होते. सार्वजनिक कोठारात ते नव्हते. ते कॉन्फिगरच्या वेळी जागे होई, चाचणीसाठी ठेवल्याचे भासविलेल्या संकुचित फायलींतून लपविलेला मजकूर काढी आणि परिस्थिती अनुकूल असल्यास बांधणीतच फेरफार करून ग्रंथालयात गुप्त दार बसवी. काही लिनक्स वितरणांत दूरप्रवेशाची ‘एसएसएच’ सेवा याच ग्रंथालयाशी अप्रत्यक्षपणे जोडलेली होती. अँड्रेस फ्रॉइंड यांना प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, त्यांनी कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. संहिता वाचणाऱ्यांना तो दिसला नव्हता, कारण निर्णायक भाग संहितेत नव्हताच; तो हजारो यंत्रनिर्मित ओळींच्या त्या रानात होता, जेथे कोणी वाचावयास जात नाही.

आपल्या विभागातील गणनांच्या प्रकल्पांना हल्लेखोरापेक्षा साध्या नकाराचे भय अधिक आहे. समांतर गणनेची सोय सापडली नाही म्हणून आज्ञावली एकाच गाभ्यावर चालत राहते आणि कोणी तरी महिनाभर वाट पाहत बसतो. म्हणून ज्या सोयीवाचून काम अडते, ती ‘मिळाल्यास’ या सदरात ठेवू नये. ‘मेसन’मध्ये अशा सोयीला ‘स्वयंचलित’, ‘आवश्यक’ व ‘वर्ज्य’ अशा तीन अवस्था देता येतात. ‘आवश्यक’ म्हटल्यावर सोय न सापडल्यास बांधणी थांबते. सीमेक चाचण्यांची उत्तरे साठवून ठेवते, त्यामुळे उणीव भरून काढल्यावरही जुना नकार टिकून राहू शकतो. अशा वेळी बांधणीची निर्देशिका कोरी करून पुन्हा आरंभ करावा. ऑटोकॉन्फची ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल अवश्य उघडावी. तीत फसलेली प्रत्येक छोटी आज्ञावली आणि कंपायलरची तक्रार शब्दशः असते. अपेक्षित सोय नाकारली गेली असेल तर ती तक्रार वाचण्यास पाच मिनिटे पुरतात. एक्सझेडमधील टिंबही सीमेकच्या अशाच नोंदीत, वाक्यरचनेची चूक म्हणून, प्रत्येक बांधणीच्या वेळी लिहिले जात होते.