बाळापूर एकच, राज्यं किती?

जातीच्या दाखल्यासाठी घरातले जुने कागद काढले की एक घोळ हमखास होतो. आजोबांच्या 1950 सालच्या दाखल-खारीज उताऱ्यावर गाव बाळापूर, जिल्हा अकोला, आणि राज्य मात्र मध्यप्रदेश! बाई घाबरते. आजोबा परप्रांतातले होते की काय? दाखला अडेल या भीतीनं तो कागद पेटीतच राहतो.

खरं तर तोच कागद कामाचा असतो. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीपासूनचा रहिवास पाहतात. त्या दिवशी महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं, मग कागदावर ते नाव येईल कुठून?

आपला मुलूख वऱ्हाड. बरार, बेरार ही त्याचीच नावं. फारसी आणि इंग्रजी कागदांत ती दिसतात. निझामाच्या या मुलखाचा कारभार 1853 मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे गेला. पुढं 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टाच झाला. शेत मक्त्यानं द्यावं तसं अख्खं वऱ्हाड मक्त्यानं दिलं, बघा! 1903 मध्ये ते नागपूरच्या कारभाराला जोडलं. 1936 पासून प्रांताचं नाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' पडलं. शिक्क्यावर 'सी. पी. अँड बेरार' दिसतं ते हेच. 26 जानेवारी 1950 ला त्याचंच नाव मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. आजचा भोपाळवाला मध्यप्रदेश निराळा. 1 नोव्हेंबर 1956 ला अकोल्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला.

वऱ्हाड आणि विदर्भ एकच, असंही पुष्कळ जणी समजतात. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ एवढं वऱ्हाड. नागपूर, वर्धा, चंद्रपूरकडचे जिल्हे धरले की अकरा जिल्ह्यांचा विदर्भ होतो. देशांच्या नावातही लोक असंच करतात. हॉलंड म्हणतात त्या देशाचं नाव नेदरलँड्स. हॉलंड हा त्यातला एक भाग.

वाशीमकडच्या बहिणींच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला असतो, कारण वाशीम जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला.

पैनगंगेपलीकडं माहेर असलेल्यांचा हिशेब आणखी वेगळा. तो मुलूख 1948 पर्यंत निझामाकडं होता. म्हातारी माणसं त्याला मोगलाई म्हणतात, मोगल कधीचे गेले तरी! तिकडं कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूर आहे. आज त्याचा जिल्हा हिंगोली. 1950 मध्ये जिल्हा परभणी आणि राज्य हैदराबाद होतं. म्हणजे त्या साली एक बाळापूर मध्यप्रदेशात, दुसरं हैदराबादेत. अर्जात नुसतं 'बाळापूर' लिहिलं तर कारकुनानं कोणतं समजावं? तालुका आणि जिल्हा लिहाच.

आणि जुन्या कागदावरचं राज्याचं नाव खोडू नका, त्यावर गिरवूही नका. कोणी विचारलंच तर सांगा, 'तेव्हा अकोला जिल्हा मध्यप्रदेशात होता, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यात आला.' हवं तर हेच वाक्य अर्जासोबत वेगळ्या कागदावर लिहून जोडा.