आकाशातून आलं की तारेतून? दूरच्या हॅम संपर्कासाठीची सॉफ्टवेअर

मागच्या व्याख्यानात आपण अँटेना पाहिल्या. ते संपल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. मोबाइलवरून ब्राझीलमधल्या माणसाशी क्षणात बोलता येतं, मग हॅम रेडिओचा एवढा खटाटोप कशासाठी? आणि त्या रेडिओलाही आता संगणक जोडायचा, तर मग तो रेडिओ उरतो का? प्रश्न रास्त आहे. आज त्याचं उत्तर शोधू. ते शोधता शोधता दूरच्या संपर्कासाठी, म्हणजे आमच्या बोलीत डीएक्ससाठी, कोणती सॉफ्टवेअर वापरतात आणि ती आतून कशी चालतात तेही बघू.

आधी एक कसोटी सांगून ठेवतो. पडद्यावर जे काही दिसेल त्याबद्दल विचारायचं: हे आपल्या अँटेनातून आलं, इंटरनेटच्या तारेतून आलं, की नुसतं गणित आहे? तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत. पण त्यांची गल्लत झाली की घोटाळा होतो.

गणितापासून सुरुवात करू. लघुलहरी, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, दूर जातात त्या आयनांबरामुळे. साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा एफ२ थर या लहरी वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. दिवसा त्याच्या खाली डी थर तयार होतो आणि तो कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. म्हणून ७ मेगाहर्ट्झवर लांबचं ऐकायचं तर रात्र हवी, आणि २१ किंवा २८ मेगाहर्ट्झला दिवस मानवतो. त्यात सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र आहेच. हे सगळं हिशेबात घेणारा प्रोग्रॅम म्हणजे व्होअकॅप. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या प्रसारणासाठी तो तयार झाला, आज हौशी लोकही तो सर्रास वापरतात. महिना, डागांची संख्या, दोन्ही ठिकाणं, आपली शक्ती आणि अँटेना सांगितली की कोणत्या तासाला कोणता बँड चालेल ते तो सांगतो.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. व्होअकॅप ‘६० टक्के’ म्हणतो, तेव्हा तो आजच्या संध्याकाळबद्दल बोलत नसतो. महिन्याच्या ३० दिवसांपैकी साधारण १८ दिवस त्या तासाला संपर्क जमेल, एवढंच तो म्हणतो. आज सकाळी सूर्यावर मोठा उद्रेक झाला असेल, तर ते त्याला ठाऊक नाही. पंचांगात मृग नक्षत्र लागलं म्हणून दारात पाऊस आला असं होत नाही, तसंच हे आहे.

मग आत्ता, या क्षणी वाट उघडी आहे का, हे कसं कळायचं? याची सर्वांत सोपी सोय म्हणजे बीकन. जगभरातल्या १८ ठिकाणांचं एक जाळं १४.१०० मेगाहर्ट्झवर पाळीपाळीने बोलतं. प्रत्येकाला १० सेकंद, म्हणजे ३ मिनिटांत एक फेरी पूर्ण. प्रत्येक बीकन आधी आपली कॉलसाइन मोर्समध्ये पाठवतो आणि मग चार लांब ठोके देतो: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि शेवटचा ०.१ वॉट. यात आपला शेजारी श्रीलंकाही आहे, ४एस७बी या नावाने. चारपैकी किती ठोके ऐकू आले यावरून त्या दिशेची वाट किती मोकळी आहे ते समजतं. घड्याळ बरोबर असेल तर आत्ता कोणाची पाळी आहे ते संगणकावरचा छोटासा प्रोग्रॅम दाखवतो. ऐकणं मात्र पूर्णपणे आकाशातून.

आता तारेतून येणारी माहिती. डीएक्स क्लस्टरवर कोणीतरी लिहितं, ‘अमुक स्टेशन अमुक वारंवारतेवर आहे’, आणि ते क्षणात जगभर पोचतं. रिव्हर्स बीकन नेटवर्कमध्ये हे काम माणसाऐवजी प्रोग्रॅम करतात. ते मोर्स ऐकून कॉलसाइन ओळखतात आणि आपोआप नोंदवतात. पीएसके रिपोर्टरच्या नकाशावर तर आपलाच संदेश कुठे कुठे ऐकू आला ते दिसतं. आपण पुण्यातून पाच वॉटवर हाक मारावी आणि मिनिटाभरात युरोपात ठिपका उमटावा, यातला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे. पण लक्षात घ्या, तो ठिपका म्हणजे संपर्क नव्हे. तिकडच्या रिसीव्हरने आपल्याला ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्याला ऐकलेलं नाही.

आता आजचा मुख्य विषय, एफटी८. डब्ल्यूएसजेटी-एक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये तो २०१७ साली आला. त्यामागे आहेत स्टीव्ह फ्रँक आणि जो टेलर. हे तेच जो टेलर, ज्यांना जोडतारा पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्याबरोबर १९९३ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत वर काढणं हे खगोलशास्त्रज्ञाचं रोजचंच काम.

एफटी८ चालतो कसा? मिनिटाचे १५ सेकंदांचे चार भाग करायचे. एका भागात आपण बोलायचं, पुढच्यात समोरचा. निरोप अगदी आखडता: दोघांच्या कॉलसाइन, ग्रिड, संकेताचा रिपोर्ट, पोच. ग्रिड म्हणजे पृथ्वीवरच्या चौकटीचा पत्ता. पुणे एमके६८मध्ये येतं, नागपूर एमएल९१मध्ये. सहा निरोपांत, म्हणजे दीडेक मिनिटात, काम होतं.

आता गंमत बघा. रेडिओच्या २५०० हर्ट्झ रुंद पट्ट्यात गोंगाट संकेताच्या १०० पट असला, तरी एफटी८ बऱ्याचदा तो वाचतो. कानाला तिथे फक्त खरखर ऐकू येते. हे कसं जमतं? संकेत स्वतः जेमतेम ५० हर्ट्झ रुंद असतो. प्रोग्रॅम तेवढीच फट ऐकतो, त्यामुळे ५० पटीने गोंगाट गळून पडतो. उरलेला गोंगाट संकेताच्या फक्त दुप्पट. भाजी मंडईत आपल्याच माणसाच्या हाकेकडे कान लावावा, तसं. शिवाय ७७ बिटांच्या निरोपाला आणखी ९७ बिटांचा टेकू दिलेला असतो. १७४ पैकी काही बिट चुकीचे आले तरी उरलेल्यांवरून मूळ निरोप उभा करता येतो.

या ९७ पैकी १४ बिट नुसते पडताळणीचे असतात. म्हणजे चुकीचा निरोपही योगायोगाने १६,३८४ वेळांत एकदा खरा भासू शकतो. हा प्रोग्रॅम दिवसभर हजारो प्रयत्न करतो, तेव्हा अधूनमधून पडद्यावर कधीच न पाठवलेली कॉलसाइन उमटणारच. दुसरं म्हणजे, ‘हा निरोप बहुधा आपल्यालाच असेल’ असं धरूनही प्रोग्रॅम कोडं सोडवून पाहतो. तसं केलं की ओळीच्या शेवटी ‘ए’ हे अक्षर दिसतं, आणि भरवसा कमी असेल तर प्रश्नचिन्ह. ही खूण कोणी बघतच नाही!

आमच्याच गटात एकदा हे घडलं. एका दुर्मिळ बेटावरचं स्टेशन क्लस्टरवर दिसलं. आम्ही अर्धा तास हाका मारल्या. शेवटी आमच्या कॉलसाइनची एक ओळ प्रश्नचिन्हासह आली, आणि पुढे काहीच नाही. आमच्या शेवटच्या निरोपाची पोच आलीच नाही. कॉलसाइन क्लस्टरवरून माहीत होती, रिपोर्टचा अंदाज होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लॉगमध्ये नोंद केली. रात्री एकाने विचारलं, ‘यातलं आकाशातून काय आलं?’ कोणाकडेच उत्तर नव्हतं. नोंद खोडली. वाईट वाटलं, पण खोडली. दोन्ही कॉलसाइन, काहीतरी माहिती आणि पोच, हे रेडिओवरूनच दोन्हीकडे पोचलं तर संपर्क, नाहीतर नाही.

नोंदीचंही एक सांगतो. वेळ नेहमी यूटीसीमध्ये लिहायची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे सोमवारी पहाटे २ वाजता झालेला संपर्क रविवारी २०:३० असा लिहावा लागतो. ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’वर दोघांच्या नोंदी जुळल्या तरच संपर्क पक्का होतो. नवे लोक इथे फार फसतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी अंदमानातून व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनवर काम करत होती. जगभरचे हॅम त्या दुर्मिळ ठिकाणासाठी रांगा लावून होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन कोलमडले. डीएक्ससाठी उभारलेलं ते स्टेशन त्याच दिवशी मदतीचं स्टेशन झालं आणि बेटावरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. त्यांच्या हाती होता रेडिओ, अँटेना आणि दूरचं क्षीण बोलणं ऐकायची सवय.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण तार तुटल्यावर त्यातलं काय उरतं ते आधी तपासा. क्लस्टर जाईल, नकाशे जातील. लॅपटॉपवर टाकलेला व्होअकॅप राहील, बीकन राहतील. एफटी८सुद्धा राहील, पण घड्याळ सेकंदाला पक्कं असेल तरच. दोनेक सेकंदांचा फरक पडला तर समोरचा संकेत कितीही जोरदार असो, ओळ उमटत नाही. म्हणून वेळेसाठी छोटासा जीपीएस रिसीव्हर जोडून ठेवा.

ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी एक करून बघा. महिन्यातून एक संध्याकाळ घरचं इंटरनेट बंद करा, रेडिओ बॅटरीवर घ्या आणि किती संपर्क होतात ते मोजा. आकडा लहान येईल. पुढच्या वेळी येताना तो घेऊन या, तिथूनच पुढे बोलू.