दहावीचं बीजगणित: ४० गुणांचा हिशोब

दारव्ह्यातल्या दहावीकरांनो, आपला पेपर अमरावती विभागीय मंडळाचा. गणिताची वाटणी अशी:

🔹 भाग १ बीजगणित ४०, भाग २ भूमिती ४०, अंतर्गत मूल्यमापन २०. उत्तीर्ण व्हायला एकूण १०० पैकी ३५.

🔹 बीजगणिताला वेळ २ तास, कॅल्क्युलेटर चालत नाही.

🔹 बहुपर्यायी प्रश्नांचे ४ गुण. पहिलंच उत्तर धरलं जातं, खाडाखोड करून दुसरं लिहिलं तरी उपयोग नाही.

🔹 कृती पूर्ण करा: ७ गुण. पायऱ्या दिलेल्याच असतात, फक्त चौकटी भरायच्या. हे सोडूच नका.

🔹 प्रकरणं सहाच: रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी.

गृहपाठाच्या वह्या वेळेवर द्या, त्यावरही अंतर्गत गुण आहेत!