जनजागृतीपर जाहिराती आणि कुमारवयीनांचे वर्तन : परिणामकारकतेचा प्रश्न

सारांश
अमली पदार्थांचे सेवन आणि अकाली किंवा असुरक्षित लैंगिक संबंध यांपासून कुमारवयीनांना परावृत्त करण्यासाठी जगभर जाहिरातींचा आधार घेतला जातो. अशा जाहिरातींनी वर्तनात खरोखर बदल होतो काय, याचा शोध प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे घेतला आहे.

बीजसंज्ञा : जनजागृती, कुमारावस्था, अमली पदार्थ, लैंगिक आरोग्य, मूल्यमापन.

प्रस्तावना
माहिती मिळाली की समज येते आणि समज आली की वर्तन सुधारते, हे जनजागृतीमागील मूळ गृहीतक होय. ते वरवर पाहता निर्विवाद वाटते. १९८७ मध्ये अमेरिकेत गाजलेल्या एका जाहिरातीत तापलेल्या तव्यावर अंडे फोडून, अमली पदार्थ मेंदूची अशीच अवस्था करतात, असे सांगितले होते. ती जाहिरात एका पिढीच्या स्मरणात राहिली. परंतु जाहिरात लक्षात राहणे आणि तिच्यामुळे वर्तन बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर पुढील काळातील मूल्यमापनांनी स्पष्ट केले.

राष्ट्रीय मोहिमेचा अनुभव
१९९८ ते २००४ या काळात अमेरिकी काँग्रेसने युवकांसाठीच्या राष्ट्रीय अमली पदार्थविरोधी माध्यम मोहिमेसाठी १ अब्ज डॉलरच्या आसपास निधी मंजूर केला. ९ ते १८ वर्षे वयोगटातील मुले, त्यांचे पालक आणि त्यांच्यावर प्रभाव असणारे इतर प्रौढ हे या मोहिमेचे लक्ष्यगट होते. मोहिमेबरोबरच तिच्या स्वतंत्र मूल्यमापनाचीही व्यवस्था करण्यात आली, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

रॉबर्ट हॉर्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मूल्यमापनाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. मोहीम पोहोचण्यात कमी पडली नव्हती. सुमारे ९४ टक्के मुलांनी महिन्यातून किमान एकदा तरी अमली पदार्थविरोधी संदेश पाहिल्याचे सांगितले. तरीही गांजाच्या सेवनावर अनुकूल परिणाम झाल्याचा पुरावा आढळला नाही. उलट सर्वेक्षणाच्या एका फेरीत ज्या मुलांनी अधिक जाहिराती पाहिल्या होत्या, त्यांचा गांजापासून दूर राहण्याचा निर्धार पुढील फेरीत अधिक दुबळा दिसला. पालक मुलांशी या विषयावर अधिक बोलू लागले; मात्र त्याचा लाभ मुलांच्या वर्तनापर्यंत पोहोचला नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये या मूल्यमापनाची छाननी करून ते विश्वासार्ह ठरवले आणि परिणामकारकतेचा पुरावा मिळेपर्यंत निधी मर्यादित ठेवावा, अशी शिफारस केली.

विपरीत परिणामाची संभाव्य कारणे
सद्हेतूने दिलेला संदेश उलट का फिरावा, याची दोन स्पष्टीकरणे विशेष विचारात घेतली जातात. पहिले मानसशास्त्रीय आहे. आपल्या निवडीवर कोणी बंधन घालत आहे असे जाणवताच व्यक्ती ते स्वातंत्र्य परत मिळवू पाहते, असे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडले. कुमारवयात स्वतंत्र ओळखीची ओढ तीव्र असल्याने 'हे करू नकोस' हा आदेशच आव्हान ठरू शकतो.

दुसरे स्पष्टीकरण सामाजिक आहे. एखाद्या गोष्टीविरुद्ध सतत जाहिराती दिसू लागल्या की, 'ज्या अर्थी एवढे सांगावे लागते, त्या अर्थी ती सर्वच जण करीत असणार' असा अव्यक्त संदेश त्यांतून जातो. समवयस्क काय करतात यासंबंधीची कल्पना या वयातील वर्तनाला वळण देते. त्यामुळे ज्या मुलाच्या मनात गांजाचा विचारही नव्हता, त्याला तो सार्वत्रिक वाटू लागण्याचा धोका संभवतो.

भीतीचा मार्गही खात्रीचा नाही. मोंटाना राज्यात २००५ पासून मेथॅम्फेटामाइनच्या व्यसनाची अत्यंत भीषण चित्रे दाखवणारी मोहीम राबवली गेली आणि सेवनातील घट हे तिचे यश मानले गेले. परंतु मार्क अँडरसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घसरण मोहिमेपूर्वीच सुरू झाली होती आणि ती विचारात घेता मोहिमेचा वेगळा परिणाम दिसत नाही, असे दाखवून दिले.

यशाची उदाहरणे
यावरून सर्वच जाहिराती निष्फळ ठरतात, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २००० मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर सुरू झालेल्या 'ट्रुथ' या तंबाखूविरोधी मोहिमेने 'धूम्रपान करू नका' असा उपदेश टाळला. तंबाखू उद्योग तरुणांची फसवणूक कशी करतो, हे तिने उघड केले. बंडखोरीची प्रवृत्ती दडपण्याऐवजी तिचा रोख उद्योगाकडे वळवला. १९९९ ते २००२ या काळात विद्यार्थ्यांतील धूम्रपानात झालेल्या घटीपैकी सुमारे २२ टक्के वाटा या मोहिमेचा असावा, असा अंदाज मॅथ्यू फॅरेली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. अमली पदार्थविरोधी राष्ट्रीय मोहिमेनेही २००५ मध्ये रूप बदलून स्वायत्ततेवर भर दिला. या नव्या जाहिराती पाहणाऱ्यांत गांजाची सुरुवात करण्याचे प्रमाण कमी असल्याचे २०११ च्या एका अभ्यासात आढळले.

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील प्रयोग पद्धतीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथे थरार शोधणाऱ्या, म्हणजेच जोखीम अधिक असणाऱ्या कुमारांसाठीच जाहिराती तयार केल्या गेल्या. लेक्सिंग्टन आणि तुलनेसाठी निवडलेले नॉक्सव्हिल या दोन्ही ठिकाणी ३२ महिने दरमहा सुमारे १०० मुलाखती घेण्यात आल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील गांजाचे सेवन मोहिमेनंतर घटले. सुरक्षित लैंगिक संबंधांविषयी तरुणांसाठी तेथेच राबवलेल्या मोहिमेचे परिणामही अनुकूल होते. मात्र तिने संयमाचा उपदेश न करता निरोधच्या वापरासारखी निश्चित कृती सुचवली होती.

लैंगिक वर्तन : अधिक गुंतागुंतीचा प्रश्न
अमली पदार्थांविषयी 'नको' हे एकच उत्तर पुरेसे असू शकते. लैंगिकतेविषयी तसे नाही. ती आयुष्याचा स्वाभाविक भाग आहे आणि प्रश्न वय, संमती व सुरक्षिततेचा आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या, गर्भवती किशोरींचे दैनंदिन जीवन दाखवणाऱ्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेमुळे किशोरवयीन मातृत्वात ४.३ टक्के घट झाली, असा दावा मेलिसा कियर्नी आणि फिलिप लेव्हिन यांनी २०१५ मध्ये केला. पुढे इतर अर्थतज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. हा वाद मिटलेला नसला, तरी उपदेशापेक्षा वास्तव दाखवणाऱ्या कथनाकडे त्याने लक्ष वेधले.

मुंबईत २००२ मध्ये 'बलबीर पाशा' या काल्पनिक व्यक्तिरेखेच्या फलकांनी एड्सचा प्रश्न रस्त्यावरील चर्चेत आणला. त्या मोहिमेचा रोख प्रौढ पुरुषांवर होता. पण फलक मुलांच्याही नजरेस पडत. मुलांच्या मनात उठणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्याची जागा मात्र वर्गात असायला हवी. २००७ मध्ये महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षण कार्यक्रमालाच विरोध होऊन तो थांबवला गेला. फलक प्रश्न निर्माण करतो. उत्तर देणारा शिक्षक नसेल, तर ते उत्तर विद्यार्थी अन्यत्र शोधतो.

महाविद्यालयीन संदर्भ
केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत 'नशामुक्त भारत अभियान' सुरू केले. २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आणि १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन यांनिमित्त महाविद्यालयांत शपथ, फेरी, भित्तिपत्रके व पथनाट्ये होतात. अहवालात उपस्थितांची संख्या व छायाचित्रे जोडली जातात. परंतु ९४ टक्के मुलांपर्यंत पोहोचूनही एक मोहीम निष्फळ ठरली असेल, तर उपस्थितीची संख्या हा यशाचा पुरावा कसा मानता येईल? उपक्रमापूर्वी आणि काही महिन्यांनंतर नाव न विचारता भरून घेतलेली साधी प्रश्नावली, तसेच शक्य तेथे उपक्रम न झालेल्या वर्गाशी तुलना, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाला करता येण्याजोगे आहे.

निष्कर्ष
१. केवळ जाहिरातीने कुमारवयीन वर्तन बदलते, या समजुतीस भक्कम आधार नाही. काही वेळा अपाय संभवतो.
२. जोखमीचा गट ओळखून, त्याच्या स्वायत्ततेचा मान राखून आणि निश्चित कृती सुचवून केलेल्या मोहिमांना मर्यादित यश मिळाले आहे.
३. 'सर्वच जण करतात' असे सुचवणारी मांडणी टाळणे आवश्यक आहे.
४. औषधाप्रमाणेच संदेशाचीही वापरापूर्वी चाचणी व्हावी. हेतू चांगला असणे हा परिणामाचा पुरावा नव्हे. आणि चुकलेल्या संदेशाची किंमत संदेश देणाऱ्याला नव्हे, तर ऐकणाऱ्या मुलाला मोजावी लागते.