वडिलांची नवकारसी

ठाणांग सूत्राच्या तिसऱ्या स्थानात तिघांचे ऋण फेडणे अत्यंत कठीण मानले आहे : माता-पिता, आपल्याला उभे करणारा मालक आणि धर्माचार्य. तेथे एका पुत्राचे उदाहरण येते. तो आई-वडिलांना शतपाक-सहस्रपाक तेलांनी मर्दन करतो, सुगंधी जलाने स्नान घालतो, अलंकार चढवतो, अठरा व्यंजनांचे भोजन देतो आणि जन्मभर त्यांना खांद्यावर वाहतो. एवढे करूनही ऋण फिटत नाही. आई-वडिलांना धर्मात स्थिर केले, तरच ते फिटते, असे सूत्रकार सांगतात.

बँकेत मी आयुष्यभर कर्जखाती पाहिली. मुद्दल व व्याज भरले की खाते बंद होते. येथे भरण्याचे नाणेच वेगळे आहे. अठरा व्यंजने या खात्यात पुरेशी धरली जात नाहीत.

मग आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबातील पुत्राने काय करावे? आपल्या वडिलांना आपण धर्म शिकवणार, हे म्हणणेच धार्ष्ट्याचे आहे. तो त्यांनीच आपल्याला शिकवला. परंतु त्यांनी घेतलेला नियम त्यांना उतारवयात सुखाने पाळता यावा, एवढी व्यवस्था आपण निश्चित करू शकतो. ती व्यवस्था सकाळी, स्वयंपाकघरात सुरू होते.

नियम आणि घड्याळ

नवकारसीचे पच्चक्खाण घेणारा श्रावक सूर्योदयानंतर एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे होईपर्यंत मुखात काही घालत नाही. आमच्या मळवलीला ही वेळ जूनमध्ये पावणेसातच्या सुमारास येते, तर जानेवारीत जवळजवळ आठ वाजतात. पावसाळ्यात लोहगड-विसापूर ढगांत बुडालेले असतात आणि सूर्य दिसतच नाही. तेव्हा पंचांग हाच आधार. आदल्या सायंकाळी चौविहार केलेला असेल, तर नव्वदीच्या माणसाच्या पोटात बारा-तेरा तास पाण्याचा थेंबही गेलेला नसतो. म्हणून नवकारसी येताच समोर काहीतरी गरम, मऊ आणि नियमात बसणारे असणे ही त्याची खरी गरज असते.

आजच्या घरात नेमके हेच अवघड झाले आहे. मुलगा पेढीवर, सून नोकरीला, नातवंडे शाळेत. सारे सातच्या आत बाहेर पडतात. आमच्याकडेही तसेच होते. वडिलांनी मळवलीला किराणा-भुसाराचे दुकान चालवले. कार्ल्याच्या एकवीरेला जाणारे भाविक आणि भाजे लेणी पाहायला उतरणारे प्रवासी हेच त्यांचे बरेचसे गिऱ्हाईक. माल आणण्यासाठी पहाटेच्या गाडीने पुण्याला जाताना ते खाकऱ्याचा डबा बरोबर नेत आणि नवकारसी आल्यावरच तो उघडत. आई होती तोवर न्याहारीचा विचार कोणाला करावा लागला नाही. ती गेल्यावर वडील हळूहळू “आज भूक नाही” असे म्हणू लागले. भूक होती, कोणाला तसदी द्यायची नव्हती. अनेक घरांतील वृद्ध असेच बोलतात आणि घर ते खरे मानते. पुढे अशक्तपणा येतो, वैद्य वेळेवर खायला सांगतात आणि पन्नास वर्षांचा नियम एका दिवसात सुटतो.

माझी निवृत्ती तेव्हा नुकतीच झाली होती. सूनबाईंवर आणखी भार घालण्यापेक्षा ही न्याहारी मीच करावी, असे ठरवले.

तांदळाची उकड

मावळ हे भाताचे आगर. येथील वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण विकसित केले. ते १९८७ मध्ये प्रसारित झाले. त्याचा भात मऊ आणि किंचित चिकट होतो, म्हणून दात नसलेल्या माणसाला त्याच्या पिठाची उकड उत्तम.

एका व्यक्तीसाठी अर्धी वाटी तांदळाचे पीठ चाळून घ्यावे. मावळच्या दमट हवेत पिठात जीवोत्पत्ती लवकर होते, म्हणून पावसाळ्यात ते थोडे थोडेच दळून आणावे. एक वाटी पातळ ताक आणि थोडे गाळलेले पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात. कढईत तूप, जिरे, हिंग, चिमूटभर हळद आणि सुकी लाल मिरची यांची फोडणी करावी. एरवी घालतात ती आले-लसूण येथे नाही. हवी तर सुंठ घालावी. तिथीला हिरवी मिरची आणि कढीपत्ताही वर्ज्य. फोडणीत उडदाची डाळ घालू नये. कच्च्या ताकाशी तिचा संयोग झाला की द्विदल होते. मिश्रण ओतून, मीठ घालून ढवळावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे वाफ आणावी. चकाकी आली की वर तूप सोडावे. ज्या घरी जो नियम असेल, त्याप्रमाणे यात फरक करावा.

वीस मिनिटांचे काम. पहिल्या दिवशी वडील काही बोलले नाहीत. थाळी संपवली, तीत पाणी घालून धुतली आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर “भूक नाही” हे शब्द आमच्या घरात ऐकू आले नाहीत. त्यांची नवकारसी अखेरपर्यंत टिकली.

सन्मान कशाने होतो?

मावळातील पाले गावच्या लेण्यात एक ब्राह्मी शिलालेख आहे. हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो प्रकाशात आणला. महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन शिलालेखांत त्याची गणना होते. आरंभी अरहंतांना नमस्कार आणि पुढे इंद्ररक्षिताच्या दानाची नोंद : एक लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. डोंगरात राहणाऱ्या साधकाला निवारा आणि पाणी हवे होते, तेच त्याने दिले. देणाऱ्याला काय शोभेल यापेक्षा घेणाऱ्याच्या साधनेला काय लागेल, हे त्याने पाहिले.

आपण वडिलांच्या पंचाहत्तरीला सभागृह घेतो, पाचशे पाने उठवतो. त्यात गैर काही नाही. पण त्या दिवशीही त्यांची नवकारसी कोणी सांभाळली, हे पाहावे. पुण्यतिथीच्या भोजनाबद्दल तर आपला सिद्धांत स्पष्ट आहे. देह सुटताच जीव आपल्या कर्मानुसार दुसऱ्या गतीत जातो. मागे वाढलेला घास त्याला पोहोचत नाही. जे वाढायचे ते ते पाटावर बसलेले असतानाच वाढले पाहिजे.

म्हणून वाचकबंधूंना विनंती आहे. वडिलांना त्यांचे नियम, तिथी आणि वर्ज्य पदार्थ विचारून ती यादी स्वयंपाकघरात लावा. आठवड्यातून एक सकाळ तरी पुत्राने स्वतः चुलीपुढे उभे राहावे. सारे काही सुनेवर सोपवून आपण पितृभक्त म्हणवू नये. दुकान अर्धा तास उशिरा उघडले, तर त्या दिवसाच्या गल्ल्यात फारसा फरक पडणार नाही.