एक वार, दोन गर्भ

पुणे परिसरातील बाळे जन्मतः लहान का असतात, या प्रश्नाचा शिस्तबद्ध शोध घेणाऱ्या संशोधनात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शहराजवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या माता-पोषण अभ्यासाचे स्थान फार वरचे आहे. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध पुरेसे मिळणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी असतात आणि शेतातील व घरातील अतिश्रमांनी बाळाचे वजन घटते, असे या अभ्यासात आढळले. आईच्या पोटाला काय मिळते याकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले, हे योग्यच झाले. मात्र जुळ्यांपैकी एकाच गर्भाची वाढ खुंटते तेव्हाही ‘तिने नीट खाल्ले नाही’ असा ठपका आईवर ठेवला जातो, आणि तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. दोन्ही गर्भ एकाच आईच्या रक्तावर व एकाच आहारावर वाढत असतात; तरीही एकाचे वजन १२०० ग्रॅम आणि दुसऱ्याचे ९०० ग्रॅम भरत असेल, तर त्या तफावतीचे कारण ताटात नव्हे, वारेत शोधावे लागते.

वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला आणि नाळेमार्फत गर्भाला प्राणवायू व अन्न पुरवणारा अवयव. दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र वार असते. एकच फलित बीजांड दुभंगून झालेल्या जुळ्यांत मात्र ते पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर वारा दोन, आणि त्यानंतर दुभंगले तर वार एकच असते. अशा एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकाच वारेवर वाढतात. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत, म्हणजे ज्या तपासणीला पुण्यात सर्रास ‘एनटी स्कॅन’ म्हटले जाते तिच्यात, सर्वांत खात्रीने कळते: दोन गर्भांमधला पडदा वारेला मिळतो तिथे वारेच्या पेशींची जाड पाचर दिसली तर वारा दोन, आणि पातळ पडदा सरळ काटकोनात टेकलेला दिसला तर वार एक. गर्भांची लिंगे भिन्न असणे हा दोन वारांचा जवळजवळ निश्चित पुरावा असला तरी १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी असल्यामुळे आपल्याकडे पालकांना तो आधार देता येत नाही. म्हणूनच ही नोंद अहवालात स्पष्ट लिहून घेणे येथे अधिकच महत्त्वाचे ठरते. पुढच्या महिन्यांत पडदा पातळ होत जातो आणि ही खूण पुसट होते.

एकाच वारेच्या जुळ्यांत वारेची वाटणी समान होईलच असे नसते. एका गर्भाची नाळ वारेच्या मध्यावर आणि दुसऱ्याची अगदी कडेला जुळली, तर दुसऱ्याच्या वाट्याला वारेचा लहान तुकडा येतो. शिवाय दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर व अंतर्भागात एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाचे रक्त दुसऱ्याकडे जाते; हे जोड कधी दुबळ्या गर्भाला तारतात, तर कधी त्याचा मृत्यू झाल्यास मोठ्या गर्भाचे रक्त अचानक तिकडे ओढले जाऊन त्याच्या मेंदूला इजा होते किंवा त्याचाही जीव जातो. लहान गर्भाचे दुखणे त्याच्यापुरते राहत नाही, हीच एका वारेची खरी जोखीम. वारा दोन असतील तेव्हाही एका गर्भाची वाढ खुंटू शकते, परंतु दुसरा गर्भ बराचसा सुरक्षित राहतो.

दोन वजनांतील फरकाला मोठ्या गर्भाच्या वजनाने भागले असता २५ टक्के किंवा अधिक तफावत निघाली आणि लहान गर्भ त्या आठवड्याच्या अपेक्षित वजनांत तळाच्या दहा टक्क्यांत असला, तर ‘निवडक वाढखुंट’ मानली जाते. बार्सिलोनाच्या एदुआर्द ग्राताकोस यांनी २००७ मध्ये तिचे तीन प्रकार मांडले, आणि त्यांचा आधार वजन नसून लहान गर्भाच्या नाळेतील प्रवाह हा आहे. हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही रक्त वारेकडे वाहत राहिले तर पहिला प्रकार, ज्यात बहुधा दोन्ही बाळे वाचतात. प्रवाह सतत थांबलेला वा उलटा असेल तर दुसरा. आणि तो कधी सुरळीत, कधी थांबलेला असेल तर तिसरा, ज्याचा अंदाज बांधणे सर्वांत कठीण. त्यामुळे एका वारेच्या जुळ्यांची तपासणी १६ व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला होणे आवश्यक असते.

गंभीर प्रकारांत वारेतील जोड लेझरने बंद करता येतात. त्याने मोठा गर्भ सुरक्षित होतो, पण लहानाचा धोका वाढतो, आणि हा निर्णय कोणत्याही आईबापांसाठी अतिशय क्लेशदायक असतो. सक्तीची अंथरुणावरची विश्रांती किंवा दुप्पट खाणे यांनी ही तफावत भरून निघत नाही. चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूतीची शक्यता दिसल्यास फुप्फुसे पक्व होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देणे आणि बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करणे, यांचा लाभ मात्र ठोस आहे.

पुढे काय होते, याविषयीही पुण्यातच दीर्घ पुरावा जमला आहे. केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी यांच्या पुढाकाराने, १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोंहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेण्यात आला. त्यांची सरासरी बुद्धिमत्ता नेहमीच्या मर्यादेत, तरी तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळली, आणि बाराव्या वर्षीच्या तपासणीत सर्वाधिक मागे होती ती अकाली जन्मलेली व शिवाय गर्भात वाढ खुंटलेली मुले. जुळ्यांतील लहान बाळ नेमके याच गटात मोडू शकते, म्हणून दवाखान्यातून घरी गेल्यावर त्याच्या वजनाबरोबरच दृष्टी, श्रवण आणि हालचालींची, व शाळेच्या वयात अभ्यासातील अडचणींची तपासणी नियमित होत राहावी लागते.