अर्धी लांबी, दहावा हिस्सा वजन

एका शाळेत गर्भाच्या वाढीविषयी बोलत होतो. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, निम्मे दिवस झाले की बाळ निम्मं होतं का?"

लांबी पाहिली तर उत्तर 'हो' असं आहे. विसाव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर असतं, जन्मतः ५०. वजन मात्र जेमतेम ३०० ग्रॅम, दोन मोठ्या कांद्यांएवढं! जन्मतः ते तीन किलोच्या आसपास जाणार.

हे कोडं फळ्यावर सोडवता येतं. लांबी दुप्पट झाली, आकार तसाच राहिला, तर घनफळ आठपट होतं. ३०० ग्रॅमचे आठपट म्हणजे २४०० ग्रॅम. उरलेले पाच-सहाशे ग्रॅम कुठून आले? त्यातला मोठा वाटा कातडीखालच्या चरबीचा. ती साठते शेवटच्या तीन महिन्यांत. विसाव्या आठवड्यातलं बाळ म्हणूनच कृश, पातळ कातडीचं दिसतं.

(आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते, म्हणजे या बाळाचं खरं वय अठराच आठवडे.)

मग पहिल्या अर्ध्यात झालं काय? घडण. हृदय कधीचंच चालू आहे, मूत्रपिंडं लघवी तयार करतात, बाळ भोवतालचं पाणी गिळतं. हातपाय हलवतं ते आईला याच सुमारास प्रथम जाणवतं. दुसरेपणाला जरा आधीच. मुलगी असेल तर तिच्या बीजांडकोशात या वेळी साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात, आयुष्यातल्या सर्वांत जास्त. म्हणजे तुम्ही ज्या पेशीपासून झालात ती तुमच्या आजीच्या पोटात तयार झाली होती! फुप्फुसं मात्र मागे असतात. नळ्यांना फाटे फुटलेले, पण हवा घेणाऱ्या पिशव्या नाहीत. या वेळी जन्मलेलं बाळ त्यामुळेच जगू शकत नाही.

आईच्या आहाराचं काय? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बहुतेक जणी शेतात राबणाऱ्या, सडपातळ. गरोदरपणाआधी सरासरी वजन सुमारे ४२ किलो. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्या काय खातात ते नोंदलं. एकूण उष्मांकांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. अठराव्या आठवड्यात दूध आणि अठ्ठाविसाव्यात पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं मात्र मोठी होती. अर्थात हा संबंध झाला, कारण सिद्ध झालं असं नव्हे. पण 'दोघांसाठी दोन भाकऱ्या जास्त' एवढ्यानं भागत नाही, हे त्यातून दिसतं.

त्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आपली बाळं स्नायूंत बरीच कमी होती, चरबीत तेवढी नाही. अशी किडकिडीत, तरी चरबी राखून असलेली मुलं मोठेपणी मधुमेहाकडे झुकतात का, हे तपासायला संशोधकांनी त्याच मुलांचा पुढं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.